होडीसाठी घर लहान केलं: पाच वर्षं झाली, दोन राहिली

मांजराकाठची

इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी आणि नवरा, दोघंही चाळिशी ओलांडलेले, पुण्यात नोकरी करतो. मूल नाही. दोन वर्षांनी नोकऱ्या सोडून शिडाच्या होडीतून निघायचं आहे, किमान पाच वर्षांसाठी. होडी अजून घेतलेली नाही. मलेशियातल्या लंकावी बेटावर बऱ्याच जुन्या होड्या विकायला असतात, कारण जग फिरायला निघालेली कितीतरी मंडळी तिथे येऊन थांबतात. तिथूनच घ्यायचा विचार आहे.

सुरुवात गेटवेसमोरून झाली. नवरा एका हिवाळ्यात शनिवार-रविवार शीड हाताळायला शिकायला जात होता, नंतर मीही जाऊ लागले. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई'वरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा आम्ही बातम्या वाचल्या होत्या. ती होडी गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली, हे कळल्यावर एकदा मुद्दाम मांडवीकाठी जाऊन आलो. पण ती नौदलाची मोहीम होती. आपल्यासारख्या पगारदारांना हे जमेल का, हे आम्हाला कागदावर मांडून पाहायचं होतं.

तो कागद इथे देते, कारण माझ्या मते सगळी गोष्ट त्यातच आहे. दोघांचे मिळून महिन्याला दीड लाख हातात येत होते आणि फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता धरून एक लाख खर्च होत होता. असंच चालू ठेवलं असतं तर पाच वर्षांच्या प्रवासाला ६० लाख, होडीला २५ आणि अडीनडीला १५, असे एक कोटी हवे होते. महिना ५० हजार शिल्लक धरली तर १६ वर्षं ८ महिने. मग खर्च ६० हजारांवर आणला तर काय होतं ते पाहिलं. शिल्लक ९० हजार झालीच, शिवाय ६० हजारांत राहायची सवय लागली की प्रवासाला ६० लाखांऐवजी ३६ लाख पुरतात. म्हणजे एकूण ७६ लाख, सात वर्षं. (व्याज आणि महागाई एकमेकांना खातील असं धरलं आहे.) कमी झालेला खर्च दोन्हीकडून कामाला येतो, हे त्या रात्री पहिल्यांदा लख्ख दिसलं. पगारवाढीचं तसं होत नाही.

मग केलं ते असं. तीन खोल्यांचा फ्लॅट भाड्यानं दिला, त्यातून हप्त्याचा मोठा भाग निघतो. आम्ही पेठेत एका जुन्या इमारतीत एक खोली आणि स्वयंपाकघर घेतलं. दोघांचं ऑफिस सायकलच्या अंतरावर आलं म्हणून गाडी विकली. गाडीचं काहीच वाटलं नाही. पुस्तकांचं वाटलं. आजीचे पितळी डबे बहिणीकडे पोचवताना रडू आलं.

पहिल्या वर्षी एक मोठी चूक झाली. आहेर आणि प्रवास वाचवायचा म्हणून आम्ही लग्नकार्यं टाळू लागलो. मावसबहिणीच्या लग्नाला गेलो नाही. ती आजही बोलते, पण पूर्वीसारखी नाही. वाचवलेले पैसे देऊन ते नातं परत आणता येत नाही. तेव्हापासून घरच्या कार्यांसाठी वेगळं पाकीट आहे आणि त्याला हात लावायचा नाही असं ठरलंय.

एका बाबतीत मला काही नवीन शिकावं लागलं नाही, ते म्हणजे पाणी. माझं माहेर लातूरचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तेव्हा मी आईकडेच होते. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं संडासात, आंघोळ एका तांब्याच्या अंदाजानं. पॅसिफिकमधल्या गॅलापागोस बेटांहून मार्केसस बेटांपर्यंत साधारण ३,००० सागरी मैल, म्हणजे आम्हाला झेपेल अशा होडीनं पंचवीसेक दिवस. दोन माणसांना रोज चार-चार लिटर धरलं तरी २०० लिटर झाले. लोक या आकड्याला घाबरतात. माझ्या आईनं पाच माणसांचं घर याहून फार जास्तीत चालवलेलं नाही.

आता प्रश्न. फ्लॅट विकावा की ठेवावा? होडी ३२ फुटांची की ४०? नवऱ्याचा कल मोठीकडे आहे. आणि तिसरा प्रश्न खरा अवघड आहे: माझे वडील ७४ वर्षांचे आहेत, आईला मधुमेह आहे. भाऊ तिथेच असतो, पण जबाबदारी माझीही आहे.

ऑकलंडकर

ताई, आधी होडीचं सांगतो, कारण गेली नऊ वर्षं माझी ३१ फुटांची होडी आहे.

लांबी चौथाईनं वाढली की होडी चौथाईनं मोठी होते असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. रुंदी आणि खोलीही त्याच प्रमाणात वाढते, म्हणून ३२ ची ४० केली की वजन जवळजवळ दुप्पट होतं. नांगर, साखळी, दोर, शिडं, तळाचा रंग, इंजिन, सगळं त्या वजनाच्या मागे जातं. वर्षाला होडीच्या किमतीच्या दहा टक्के देखभालीला धरावेत असा इथे सर्वांचा ठोकताळा आहे, पण जुन्या होडीला तो कमी पडतो. तुमची होडी २५ लाखांची असली तरी तिचे सुटे भाग नव्या होडीच्याच भावानं येतात.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा साधारण दहा वर्षांनी बदलतात. विकणारा "सगळं छान आहे" म्हणाला तरी त्या कधी बदलल्या याची पावती मागा. पोलाद बाहेरून चकचकीत दिसतं आणि तारेच्या खालच्या टोकाला, जिथे खारं पाणी साचतं तिथे, आतून चिरतं. होडी घेण्यापूर्वी स्वतंत्र सर्वेक्षक नेमा आणि होडी पाण्याबाहेर काढायला लावून बघा.

माझ्या इथून जवळ हौराकीच्या आखातात कावाऊ बेट आहे. लिन आणि लॅरी पार्डी हे जोडपं शेवटी तिथे स्थायिक झालं. त्यांची पहिली होडी 'सेराफिन' २४ फुटांची, स्वतः बांधलेली, इंजिनाशिवाय. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाहून निघून अकरा वर्षं ते तिच्यातून जग फिरले. वाटेत दुसऱ्यांच्या होड्यांची कामं करून पोट भरलं. तुम्ही इंजिनाशिवाय जावं असं मी म्हणत नाही. पण २४ फुटांत दोन माणसं अकरा वर्षं राहिली, हे तुमच्या यजमानांना जरूर सांगा.

अर्थात

हिशोब स्वच्छ मांडला आहे, अभिनंदन. त्यात एक मोठं भोक आहे. तुमची बचत रुपयात आणि खर्च डॉलरमध्ये. २०१० मध्ये डॉलर साधारण ४५ रुपयांना होता, २०२३ मध्ये ८३ च्या वर गेला. "व्याज आणि महागाई एकमेकांना खातील" हे पुण्यात राहणाऱ्याला चालेल, तुम्हाला नाही. प्रवासाच्या रकमेचा एक भाग आत्तापासूनच परदेशी फंडांत ठेवा.

दुसरं म्हणजे पैसे बाहेर नेण्याची पद्धत. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर नेता येतात, म्हणजे मर्यादा तुमच्या आड येत नाही. पण १० लाखांच्या वर पाठवलं की अशा खर्चावर २० टक्के कर आधीच कापला जातो. विवरणपत्र भरल्यावर तो जमेला धरतात किंवा परत मिळतो, पण तोवर अडकतो. दोघांच्या नावांनी, दोन आर्थिक वर्षांत विभागून पाठवलंत तर होडीच्या खरेदीच्या वेळी हात मोकळा राहील.

फ्लॅट विकू नका. परत येणाऱ्या माणसाला पत्ता लागतो. कर्ज मात्र निघण्याआधी फेडा. रिकामा राहिलेला फ्लॅट आणि चालू हप्ता, हे दोन्ही एकदम सांभाळायची वेळ समुद्रात असताना येऊ नये.

तांडेल मालवण

मांजराकाठच्या ताई, पाण्याचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे समुद्र दारात असतो आणि गोडं पाणी विहिरीवरून आणावं लागतं, म्हणून मला ते लगेच कळलं.

माझ्या घरी चार पिढ्या मासेमारी. एक मागणं आहे: पैसे वाचवण्याच्या या दोन वर्षांत एक अख्खा हंगाम किनाऱ्यावर काढा. नारळी पौर्णिमेला या. जून-जुलै बंदी असते, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, त्या उतरवताना बघा. तळाला चिकटलेलं खरवडणं, रंग देणं, जाळी शिवणं, यातलं प्रत्येक काम तुम्हाला होडीवर स्वतःलाच करायचं आहे आणि इथे ते शिकवायला कोणी पैसे मागणार नाही. पहाटेचा मतलई वारा धरून बाहेर पडायचं आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं, हे इंजिन येण्याआधी आजोबा रोज करत. कधी उधाण, कधी भांग, ते चंद्र बघून सांगत. भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढतं-उतरतं. अनोळखी खाडीत शिरायचं तर भरतीवर शिरा, रुतलात तरी पाणी अजून चढणार असतं. ओहोटीवर रुतलात तर सहा तास गेले.

खाण्याचंही सांगतो. कुळथाचं पीठ, मेतकूट, भाजणी, आमसुलं, आंबोशी, सांडगे. यातल्या कशाला फ्रीज लागत नाही. होडीवरचा फ्रीज बॅटरी खातो असं माझा भाऊ सांगतो, तो गोव्यात पर्यटकांच्या होड्यांवर काम करतो. मूग-मटकीला मोड आणा, ताजी भाजी संपली की तेवढंच हिरवं पोटात जातं. भातात थोडं समुद्राचं पाणी घातलं तर मीठ घालावं लागत नाही, पण बंदराबाहेर आल्यावरच, आत नको.

इंजिनरूम

मी मर्चंट नेव्हीत अभियंता होतो, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. तुमचा धागा आवडला म्हणूनच जरा कडक लिहितो.

साधेपणा कुठे थांबवायचा हे आधी ठरवा. मॉरिस आणि मॅरलिन बेली हे इंग्लिश जोडपं तुमच्यासारखंच. डर्बीतलं घर विकलं, ३१ फुटांची 'ऑरॅलिन' घेतली आणि १९७२ मध्ये न्यूझीलंडकडे निघाले. बाहेरच्या जगाशी संबंध नको म्हणून संदेश पाठवायचा रेडिओ मुद्दाम घेतला नाही. ४ मार्च १९७३ ला पॅसिफिकमध्ये देवमाशानं होडी फोडली आणि ती तासाभरात बुडाली. रबरी तराफा आणि छोटी फुगवायची होडी, एवढ्यावर दोघांनी जवळजवळ चार महिने काढले. पावसाचं पाणी धरलं, सेफ्टी पिनांचे गळ करून मासे पकडले, कासवं खाल्ली. सात जहाजं जवळून गेली, एकालाही ते दिसले नाहीत. ३० जूनला एका कोरियन मासेमारी जहाजानं त्यांना उचललं.

आता दुसरं बघा. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात आपल्या नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांच्या होडीची डोलकाठी मोडली, पाठीचा कणा दुखावला, उठता येईना. पर्थपासून १,९०० मैलांवर. संकटाची खूण उपग्रहानं पोचवली, मजकूर पाठवता आला, आणि तिसऱ्या दिवशी फ्रेंच 'ओसिरिस' जहाज त्यांच्यापर्यंत गेलं. तराफा, ४०६ मेगाहर्ट्झचा संकटसूचक, रेडिओ, जीवनदोर: या यादीत काटकसर करू नका. लागल्यास एक वर्ष उशिरा निघा. संकटसूचकाची नोंदणीही करा. नोंदणी नसेल तर खूण कोणाची आहे हे शोधण्यातच वेळ जातो.

आणि गॅस. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दारं-खिडक्या उघडून बाहेर घालवता येतो, होडीत तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. सिलिंडर बाहेरच्या वेगळ्या पेटीत हवा, त्या पेटीचं छिद्र थेट समुद्रावर उघडणारं हवं, आणि स्वयंपाक झाला की सिलिंडरजवळची तोटी बंद. प्रेशर कुकर न्या. गॅस वाचतो आणि होडी हलली तरी झाकण बंद असल्यानं आमटी अंगावर येत नाही.

डिझेल इंजिनाच्या नळीत हवा शिरली तर ती काढणं, पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा बदलणं, ही दोन कामं अंधारात हात चाचपत करता येईपर्यंत निघू नका. पुण्यात कुठेही जुन्या इंजिनावर शिकता येतील. मी कोथरूडला असतो, शिकवायला आवडेल.

संथ

फ्लॅट, होडी, पैसे हे सगळं ठीक आहे. पाच वर्षांनी परत आलात की वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. कोण नोकरी देणार? मी विरोध म्हणून विचारत नाही. माझ्या बायकोला असंच काही करायचं होतं आणि या एका प्रश्नापाशी मी तिला अडवलं. म्हणून मला उत्तर खरंच हवंय.

मांजराकाठची

संथ, आमचं उत्तर असं. परत आल्यावर आम्हाला दीड लाखाची नोकरी लागणारच नाही. सात वर्षं आणि मग पाच वर्षं ६० हजारांत राहिलेल्या दोन माणसांना ६० हजार मिळवायचे असतील. फ्लॅटचं कर्ज फिटलेलं असेल. नवरा हिशोबनीस आहे, छोट्या दुकानदारांची कामं तो आत्ताही रविवारी करतो. मी शिकवू शकते. १५ लाखांना हात लावायचा नाही असं आहे, ते परत आल्यावरच्या पहिल्या दोन वर्षांसाठी. धोका आहे, पण तो एवढाच आहे. तुमच्या घरी हा कागद एकदा दोघांनी बसून मांडा, एकट्यानं नको.

इंजिनरूम काका, बेली दांपत्याबद्दल माहीत नव्हतं. नवऱ्याला वाचून दाखवलं. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. तराफा आणि संकटसूचक आमच्या यादीत 'शेवटी बघू' या सदरात होते. ते वर घेतले. कोथरूडला नक्की येतो.

ऑकलंडकर, ४० फूट बाद झाली. पारपत्राचा प्रश्न विचारायचा राहिला. भारतीय पारपत्रावर कसं जमवतात?

ऑकलंडकर

मार्गच त्यावरून ठरतो. मालदीव, सेशेल्स, मॉरिशस, फिजी इथे आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही. फ्रेंच पॉलिनेशिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला लागतो आणि अर्जात "विमानाचं तिकीट" मागतात तिथे होडीची कागदपत्रं जोडून पत्र लिहावं लागतं. वेळ धरा.

हवामानही बघा. जानेवारी ते मार्च ईशान्य मोसमी वाऱ्यावर लंकावीहून श्रीलंका, मालदीव हे सोपं पडतं. दक्षिण हिंदी महासागरात नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळं, म्हणून मॉरिशसकडे जूननंतर आणि दक्षिण आफ्रिकेकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तांबड्या समुद्रात २०२३ च्या अखेरीपासून जहाजांवर हल्ले झाले, त्यामुळे बहुतेक होड्या आता आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, म्हणजे केपला, वळसा घालतात. तुमचं पहिलं वर्ष हिंदी महासागरातच जाईल आणि ते चांगलं आहे. लातूरला परतायचं झालं तर मालेहून विमान आहे.

जुई

तिसऱ्या प्रश्नाला कोणीच हात लावला नाही, म्हणून लिहिते.

मी परदेशात असताना आई गेली. होडीवर नव्हते, चांगल्या नोकरीत होते, आणि तरी वेळेवर पोचले नाही. त्यामुळे "होडीवर गेले म्हणून मुलगी पोचली नाही" असं मनाशी धरू नका, ते अंतरामुळे होतं आणि ते अंतर अर्ध्या महाराष्ट्राच्या घरांत आहे.

पण काही गोष्टी मी केल्या नाहीत, त्या तुम्ही करा. दोघांच्या अचानक परतीच्या तिकिटांचे पैसे वेगळे ठेवा आणि होडी कुठल्या बंदरात, किती दिवस, कोणाच्या भरवशावर सोडता येईल हे प्रत्येक टप्प्यावर आधी ठरवा. भावाशी स्पष्ट बोला: औषधांचा, मदतनीस बाईंचा खर्च तुम्ही किती उचलणार. जवळ राहणाऱ्यावर काम पडतं आणि लांबच्याचं कौतुक होतं, हे भावंडांत फार खोल जातं. आणि वडिलांना विचारा. मी आईला कधी विचारलंच नाही, फक्त सांगितलं.

तांडेल मालवण

जुईताई +१. आमच्याकडे माणूस खोल समुद्रात गेला की घरचे रेडिओला कान लावून बसत. आता फोन आहेत तरी आई वाटेकडे बघतेच.

मांजराकाठची

जुई, तुमची पोस्ट वाचून शनिवारी लातूरला गेलो. भावाशी तासभर बोलले. आईच्या औषधांचे आणि बाईंचे पैसे निघाल्यावरही दर महिन्याला आमच्याकडून जातील, महिना ९ हजार. म्हणजे पाच वर्षांचे ५ लाख ४० हजार, आपल्या हिशोबात सहा महिने वाढले. ते मान्य आहे. 'दोन राहिली' ऐवजी आता अडीच.

मग बाबांना विचारलं. त्यांनी आयुष्यात समुद्र दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा गणपतीपुळ्याला. ते बराच वेळ होडीचे फोटो बघत होते. पाणी किती लिटर मावतं ते विचारलं, टाकी कशाची असते, साफ कशी करतात, एकच टाकी फुटली तर काय. मी म्हटलं दोन टाक्या असतात. तर म्हणाले, "दोन नको, तीन कर. आणि एक हंडा भरून वेगळा ठेव." मग म्हणाले, घेण्याआधी मला दाखव.

येत्या जानेवारीत होड्या बघायला लंकावीला जातोय, बाबाही बरोबर येतायत. उद्या त्यांच्या पारपत्राचा अर्ज भरायचा आहे. जन्मदाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला आहे. तो चालतो का, कोणाला माहीत असेल तर कृपया सांगा.